गाण्यात न आलेला

आईला पहिला संशय आला तो मी न्हाणीत असताना. मी अंगावर पाणी घेत गात होते आणि ती बाहेर चुलीपुढे भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला, पण माझ्या ते ध्यानात आलं नाही. बाहेर आले तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती आणि आई माझ्याकडे बघत होती.

"काय म्हनत हुतीस?"

"गाणं."

"कुनाचं?"

"माझंच. मी केलंय."

हे ऐकून तिचा चेहरा आणखीच बिघडला. रेडिओवरचं गाणं असतं तर चाललं असतं, रेडिओतल्या बायका कुणालाही हाका मारायच्या. पण घरच्या पोरीने स्वतः रचलेल्या गाण्यात कुणाला तरी 'तू' म्हटलं असेल, तर तो 'तू' कुठेतरी जिवंत असणार, आणि तोही आमच्याच भागात, असा तिचा सरळ हिशोब होता. ओळी अशा होत्या:

उन्हात उभी मी, पाय बदलत,
धूळ उठली, तू आला नाहीस.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं गाव नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्यापासून बरंच आत. मी गावातली कॉलेजला जाणारी पहिली मुलगी. सकाळी चालत सुप्याच्या फाट्यावर यायचं आणि तिथून एसटीने नगर गाठायचं. वडील फौजेत होते. लढाई संपली होती तरी त्यांची रजा काही ना काही कारणाने लांबत होती. शेत, म्हैस आणि मी, असं सगळं एकट्या आईच्या गळ्यात होतं. त्यातल्या शेताची आणि म्हशीची तिला भीती नव्हती.

गाण्याचा नाद मला मावशीकडे लागला. ती नगरच्या मिशन दवाखान्यात नर्स होती आणि आवारातच क्वार्टरमध्ये एकटी राहायची. मायदेशी परत जाताना एका परदेशी डॉक्टरच्या बायकोने आपली गिटार तिच्याकडे ठेवली होती. मावशीला तिचं काय करायचं ते कळेना, म्हणून तिने ती खोळ घालून कपाटावर टाकली होती. कॉलेज सुटल्यावर मी तिथे जाऊन ती वाजवत बसायचे. शिकवायला कुणी नव्हतं. बोटं दुखेपर्यंत तारा दाबायच्या आणि कानाला बरं वाटलं की तेच पुन्हा करायचं. घरी मात्र गिटारबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आईला वाटायचं, मी मावशीकडे अभ्यास करते.

भाकरी करपल्यापासून आईची चौकशी सुरू झाली. गाडी कवा आली, शेजारी कोण बसलं होतं, कॉलेज कवा सुटलं. मी पिशवी खुंटीला लावली की थोड्या वेळाने तिच्यातली पुस्तकं वेगळ्याच क्रमाने लागलेली दिसायची. फाट्यावरचा चहावाला, ज्याने कधी मान वर करून बघितलं नव्हतं, तो विचारू लागला, "काल उशिरा उतरलात, ताई?" आणि मग मलाच वाटू लागलं की अख्खा फाटा आईला सामील आहे. रस्त्याकडेला शेरडं राखणारी म्हातारी माझ्याकडे बघून हसली तरी मी तोंड फिरवायचे. घरात आम्ही दोघीच, आणि दोघीही एकमेकींना न दिसता एकमेकींकडे बघत होतो.

एका सकाळी मी निघाले तर आई नवं लुगडं नेसून दारात उभी.

"मी बी येते. लई दिस झालं बहिनीला बघून."

फाट्यावर ती माझ्याजवळ उभी राहिली नाही. लिंबाखाली जाऊन बसली आणि पदर कपाळावर ओढून एकेका माणसाला निरखू लागली. चहाला थांबलेला ट्रकवाला, दुधाच्या कॅनवाला, सायकलवरचे मास्तर, सगळे तिच्या नजरेखालून गेले. मास्तरांनी मला नेहमीप्रमाणे विचारलं, "काय, अभ्यास ठीक?" तेव्हा ती अर्धवट उठली होती. मास्तरांचं टक्कल दिसल्यावर परत बसली. गाडी काही येईना. ऊन चढलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते आणि ते आई बघत होती.

शेवटी गाडी आली. कंडक्टर तरुण होता, वर्षभर त्याच रस्त्यावर असलेला. दारातच मला म्हणाला, "आज फार वाट बघायला लावली."

आईने माझा दंड धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. मग तो तिकिटं फाडत आला. आईचं फाडलं आणि पुढे निघाला.

"हिला का न्हाई इचारलं?" आईने त्याला अडवलं.

"त्यांचा पास आहे. मी रोज बघतो."

"रोज बगता?"

"पास बघतो, मावशी," तो म्हणाला आणि घाईने मागे गेला. त्या दिवशी तो पुन्हा आमच्या बाजूला फिरकला नाही, आणि आईला तेही खटकलं.

केडगाव मागे पडेपर्यंत ती मान वळवून त्याला निरखत होती. मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "ह्योच का?"

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "आई, ते गाणं कंडक्टरवर नाही. गाडीवर आहे. ह्या एसटीवर. मी रोज फाट्यावर उभी असते आणि ही येत नाही, म्हणून केलं."

तिने तिकिटाची घडी करून कमरेला खोचली.

"गाडी आली म्हनत्यात," ती म्हणाली. "आला कुनी म्हनत न्हाई. तुज्या गान्यात त्यो आला न्हाई."

गाणं सुचलं तेव्हा मी फाट्यावर होते, गाडी आली नव्हती, हे सगळं खरं होतं. तरी तोंडात 'आली' न येता 'आला' आलं होतं, आणि इतके दिवस गाऊनही ते माझ्या कानाला खटकलं नव्हतं. चालीत बसतं म्हणून, असं मी काहीतरी पुटपुटले. 'आली'सुद्धा तितकंच बसत होतं.

मावशीच्या क्वार्टरमध्ये गिटार निघाली तेव्हा आईने आधी बहिणीकडे बघितलं. "तुला ठावं हुतं?"

"पोरगी काय वाईट करत नाही गं, अक्का," मावशी म्हणाली.

"मग मला का न्हाई सांगितलं?" आई म्हणाली आणि जमिनीवर बसली. "म्हन आता. सगळं म्हन."

मी म्हटलं. चार कडवी होती. घरी तिने दोनच ऐकली होती. शेवटच्या कडव्यात सामान उतरवायचा आवाज होता, बूट होते, आणि एक पत्र्याची काळी ट्रंक होती. ते गाताना माझा मलाच संशय यायला लागला. एसटीने जाणाऱ्या मुलीच्या गाण्यात काळी ट्रंक कुठून आली? लहानपणी वडील रजेवर यायचे त्या दिवशी आई मला कडेवर घेऊन ह्याच फाट्यावर उभी राहायची. कधी त्यांची पोस्टातून आलेली तार चुकीची असायची, मग आम्ही तशाच परतायचो.

गाणं संपलं तेव्हा आई तारांकडे बघत होती. "ह्यो तर तुजा बाप हाय," ती म्हणाली, आणि उठून पाणी प्यायला गेली. बराच वेळ ती आत होती.

पुढच्या उन्हाळ्यात वडील रजेवर आले. गाणं ऐकून म्हणाले, चाल बरी आहे. कुणासाठी केलंस, असं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी ते म्हटलं तेव्हा भिंगारचा एक मुलगा भेटायला आला. त्याच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याने स्वतः इलेक्ट्रिक गिटार तयार केली होती. छावणीतल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाकडे ड्रम होते. हेच गाणं मोठ्या आवाजात करून बघू, असं दोघांचं म्हणणं. पुढे ज्या गाण्याने लोक मला ओळखू लागले ते ह्या दुकानाच्या मागच्या खोलीत उभं राहिलं.

आईने परवानगी दिली, पण तालमीला स्वतः येऊन स्टुलावर बसायची. मांडीवर निवडायच्या डाळीचं ताट, नजर त्या दोघांवर. तिसऱ्या-चौथ्या खेपेला दारात आणखी एक बाई आली, रेशमी साडीतली. ड्रमवाल्याची आई. खेड्यातल्या कुठल्या पोरीने आपल्या मुलाला नादी लावलंय ते बघायला ती आली होती. तिला दुसरं स्टूल दिलं. दोघी समोरासमोर बसल्या, एकमेकींच्या मुलांना न्याहाळत. आम्ही वाजवायला लागलो तशी खोलीवरची कौलं थरथरली. थोड्या वेळाने पाहिलं तर त्या बाईने स्टूल आईजवळ सरकवलं होतं, आणि ताटातली डाळ दोघी मिळून निवडत होत्या. आवाजामुळे ऐकू येत नव्हतं, म्हणून एकमेकींच्या कानाला लागून बोलत होत्या. मध्येच दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

आईला मी घरी जाताना विचारलं, काय बोलत होतात. तिने ते मला कधीच सांगितलं नाही.