अपघाताचा नंबर

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती घटना आठवली की अजून माझं डोकं तापतं. बायको म्हणते, आता सोडा. सुटत नाही. कुणाचंही नाव घेणार नाही, कारण त्यातले काही जण लग्नाकार्यात भेटले की आजही हसून नमस्कार करतात.

मी तेव्हा गोव्यात डिचोलीला उपनिरीक्षक होतो. खाणी जोरात चालू होत्या आणि रस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नसे. एका सकाळी कारापूरजवळ खनिजाच्या ट्रकाने एका माणसाला चिरडलं. दोडामार्गकडचा मजूर, पायी कामावर निघालेला. मी माझ्या हवालदाराला घेऊन पंचनाम्याला पोहोचलो तेव्हा पन्नासेक माणसं जमली होती. निम्मी प्रेताकडे बघत होती. उरलेली ट्रकाच्या मागे नंबर प्लेटपाशी वाकून, सिगारेटच्या पाकिटावर नाहीतर तळहातावर आकडे उतरवून घेत होती.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. अपघातातल्या गाडीचा नंबर लागतो, अशी आमच्याकडे समजूत होती. राज्य लॉटरीचे तेव्हा बरेच खेळ होते. रोजची एक आकडी, दोन आकडी, आठवड्याची मोठी सोडत, सणासुदीला बंपर. सकाळी अपघात झाला की दुपारपर्यंत त्या गाडीचे शेवटचे आकडे बाजारातल्या लॉटरीच्या गाड्यांवरून, म्हणजे टपऱ्यांवरून, संपलेले असत. मटका लिहिणाऱ्याला आम्ही कोठडीत टाकायचो आणि शेजारी सरकारी शिक्क्याची तिकिटं राजरोस विकली जायची. कायद्याने ते बरोबरच होतं. मला मात्र त्या सकाळी त्या वाकलेल्या पाठींवर काठी घालावीशी वाटली. मजुराची बायको तिथेच रस्त्यावर बसली होती. ती रडत नव्हती. समोरच्या त्या प्लेटकडे एकटक बघत होती.

तीन आठवड्यांनी तीच बाई ठाण्यात आली, दोन लहान मुलींना घेऊन. तिची तक्रार थोडक्यात अशी. ज्या ट्रकाने नवरा नेला तो आपल्या पोरींना काहीतरी देईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. म्हणून तिने बाजारातल्या लॉटरीवाल्याकडून आठवड्याच्या सोडतीचं एक तिकीट घेतलं. शेवटचे चार आकडे ट्रकाचे. लॉटरीवाल्याने ते तिच्यासाठी पणजीहून मुद्दाम मागवलं होतं. मागच्या बाजूला नाव लिहायला सांगितलं तर म्हणाला, लागलं तर लिहू. सोडतीनंतर चहाच्या दुकानात पेपर पडला होता, त्यात पहिल्या बक्षिसासमोर तिला तेच चार आकडे दिसले. ती धावत गाड्यावर गेली. त्याने तिकीट घेतलं, पाठ फिरवून पेपराशी ताडून पाहिलं, आणि नाही लागलं म्हणून परत दिलं. बाजूला येऊन बघते तो शेवटचा आकडाच वेगळा. तिकीट बदललं होतं, म्हणून ती तशीच ठाण्यात आली होती.

खाणीच्या ठेकेदाराने तिला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली होती. नवरा कामावर, म्हणून खोली. नवरा नाही, तर खोली नाही. तिचं सगळं त्या कागदावर अडकलं होतं.

मी तिच्या हातातलं तिकीट पाहिलं. शेवटचा आकडा खरोखरच वेगळा होता. दुःखात माणसाला भलतंच दिसतं, असं मी तिला समजावलं. तुला वाचता येतं का, असंही विचारलं. ते विचारायला नको होतं.

"सायबानू, माका वाचूक येयना," ती म्हणाली. "पण त्या ट्रकाचो नंबर माका कोणी शिकवक नको."

माझा हवालदार बाजूलाच उभा होता. तो काही बोलला नाही. मी तिला परत पाठवलं.

तीन दिवसांनी धारगळहून एक म्हातारा लॉटरी विक्रेता बसने येऊन मला भेटला. हायवेवर त्याचा लहानसा गाडा होता. एक व्यापारी पहिल्या बक्षिसाचं तिकीट जास्त पैसे मोजून विकत घेतोय, अशी खबर त्याने दिली. काळा पैसा पांढरा करायची ही तेव्हाची सोपी वाट होती. तिकीट आणणारा माणूस डिचोलीचा लॉटरीवाला. तुम्ही का सांगताय, असं मी विचारलं. असल्या माणसांमुळे गिऱ्हाईक आमच्या हातात तिकीट द्यायला भितं, एवढंच तो म्हणाला.

त्या बाईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. गुन्हा नोंदवला, धारगळ ज्यांच्या हद्दीत त्या पेडणे ठाण्याला कळवलं आणि त्यांची माणसं घेऊन साध्या कपड्यांत धारगळला गेलो. व्यवहार चालू असतानाच दोघांना धरलं. पंचांसमक्ष तिकीट जप्त केलं. शेवटचे चार आकडे ट्रकाचेच होते. मागची बाजू कोरी.

पण तिकीट सापडलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नसतं. लॉटरीवाला मुरलेला होता. बेळगावकडच्या कुणा ड्रायव्हरने हे तिकीट आपल्याला विकलं, त्याचं नाव माहीत नाही, हेच पालुपद त्याने दोन दिवस लावून धरलं. बाईला आपण दुसरंच तिकीट दिलं होतं म्हणाला. ते खोटं कसं ठरवायचं? तिकिटावर नाव नाही, विक्रीची नोंद नाही, आणि बाई निरक्षर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आवाज चढवला तेव्हा तो एकदम हसला. आपल्या हातात हुकमाचं पान आहे, ठाण्याची अब्रू जायला नको म्हणून मी मागे हटेन, असं त्याला वाटलं असावं. "सायब, त्या नंबराक कोण कोण आयिल्ले तें तुमच्याच हवालदाराक विचारात," तो म्हणाला.

हवालदार दारातच उभा होता. मी त्याला माझ्या खोलीत नेलं आणि दार लावलं. त्याने फार वेळ घेतला नाही. अपघाताच्या दिवशी पंचनामा लिहिताना त्यानेही तो नंबर उतरवून घेतला होता आणि पंधरा दिवसांनी त्याच नंबरच्या आठवड्याच्या तिकिटासाठी गाड्यावर गेला होता. लॉटरीवाल्याने त्याला सांगितलं, ते तिकीट मेलेल्याच्या बायकोसाठी राखून ठेवलंय. तिथे आणखी तिघे त्याच मागणीने आले होते, त्यांनाही हेच उत्तर मिळालं.

म्हणजे ती बाई माझ्यासमोर उभी राहून खरं सांगत होती आणि माझ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ते माहीत होतं.

"गप्प का राहिलास?" मी विचारलं.

"साहेब, लाज वाटली."

लॉटरीचं तिकीट घेणं गुन्हा नव्हता. त्याला कुणी काही करणार नव्हतं. रस्त्यावर प्रेत असताना आपण काय उतरवून घेत होतो ते चारचौघांत निघेल, एवढ्यासाठी त्याने दोन पोरींच्या आईला खोटं पडू दिलं. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस. मी त्याच्यावर हात उगारला होता, हे इथे कबूल करतो. उगारला, टाकला नाही. मग त्याचा जबाब घेतला, त्या तिघांना शोधून त्यांचेही घेतले. ते चार जबाब समोर ठेवल्यावर लॉटरीवाल्याचा बेळगावचा ड्रायव्हर कुठल्या कुठे गेला.

खटला पुष्कळ लांबला. मुद्देमाल म्हणून तिकीट कोर्टात, आणि तिकिटाशिवाय बक्षीस नाही. बाई खोली सोडून मुलींना घेऊन दोडामार्गला भावाकडे राहायला गेली होती. तारखेला तिथून यायची.

माझ्या साक्षीच्या दिवशी आरोपीच्या वकिलाने ठाण्याची डायरी मागवली आणि बाई पहिल्यांदा आली त्या दिवशीची नोंद मोठ्याने वाचली. 'सदर महिलेचा गैरसमज झाला असून तिची समजूत घालून परत पाठवले.' खाली माझी सही. अनुभवी अधिकाऱ्यालाच जर हा गैरसमज वाटला होता तर आमच्या अशिलाचा दोष काय, असं त्याने विचारलं. त्या चोराच्या बाजूने उभा राहिलेला सगळ्यात भक्कम साक्षीदार मीच होतो. नोंद चुकीची आहे, मी तपास न करता ती लिहिली, असं मी शपथेवर सांगितलं. एवढं बोलायलाही मला पाणी मागावं लागलं.

आरोपीला शिक्षा झाली. तिकीट बाईला मिळालं, पुढे बक्षीसही. हवालदाराची खात्यांतर्गत चौकशी झाली, काही महिन्यांनी तो पुन्हा वर्दीत आला. माझ्या फायलीत त्या तपासाबद्दल शाबासकीचं पत्र आहे. मी ते कधी कुणाला दाखवलं नाही.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. समोरच्याला अक्षर येत नाही म्हणून त्याला दिसतही नाही असं धरून चालणारा पोलीस चोराचं अर्धं काम करून ठेवतो. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते कळायला एका बाईचं छप्पर गेलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी तिच्याजवळ जाऊन माफी मागितली. तिने हात जोडले नाहीत, आभारही मानले नाहीत. धाकटीचा हात धरत ती म्हणाली, "त्या दिसा तुमी उठान माझ्याबरोबर गाड्यार इलात असतात, तर तिकीट थंयच गावला असता." आणि बस चुकेल म्हणून निघून गेली.

ठाण्यापासून तो गाडा दोनशे पावलांवर होता.