भाऊजींचं वजन

आमची ताई म्हणजे चर्चच्या मंडळीची शोभेची वस्तू. वेदीजवळ फुलदाणी असते ना, तशी. फरक एवढाच, की फुलदाणीला दरवर्षी उभं करून कुणी देवाच्या कृपेची साक्ष द्यायला लावत नाही.

ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसभर ओल्या चादरी उपसायच्या आणि घरी आलं की भाऊजी. भाऊजी सुतार होते, चांगले धिप्पाड. पक्षाघाताचा झटका आला आणि एक डावा हात आणि जीभ सोडली तर सगळं अंग बसलं. तेव्हापासून रोज सकाळी ताई त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचलते, खुर्चीत बसवते, न्हाणीत नेते, परत आणते. आणि ताई केवढी? माझ्या खांद्याला लागते.

मंडळीतले लोक मात्र फार प्रेमळ हो! "ताई, बोजा प्रभूवर टाका," म्हणायचे आणि आपापल्या छत्र्या उचलून घरी जायचे. खजिनदार तर इतका हळवा, की ताईला बघितलं रे बघितलं की त्याचे डोळे भरून यायचे. डोळे पुसण्यात दोन्ही हात गुंतलेले, मग खुर्ची धरायला तिसरा कुठून आणणार बिचारा? पाळकसाहेबांनी तिच्या श्रद्धेवर उपदेशांवर उपदेश केले. तिचा जिना मात्र त्यांना मानवत नसे. गुडघे.

आणि ताईची साक्ष तरी काय! "सुरुवातीला यांना उचलताना माझा जीव जायचा. पण प्रभूनं हातांत बळ घातलं. आता हे मला दिवसेंदिवस हलके लागतात." झालं! आमेनचा नुसता पाऊस. खजिनदाराचे डोळे भरले हे वेगळं सांगायला नको.

खरी गोष्ट अशी, की ताईची कंबर गेली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला होता, तो ती रविवारी काढून ठेवायची. मी म्हटलं, "अगं, चार माणसं माग की मंडळीकडून!"

"आणि लोक काय म्हणतील? देव कमी पडला?"

"देव नाही गं, लोकच कमी पडलेत."

"तुझ्या जिभेला काही हाड!" म्हणाली आणि चादरी पिळायला निघून गेली.

एका दुपारी मी न सांगता तिच्याकडे गेले. दार लोटलेलंच होतं. बघते तर काय, भाऊजींच्या पलंगालगतच्या खिडकीत शेजाऱ्यांचं मांजर बसलेलं, आणि भाऊजी डाव्या हातानं आपल्या ताटलीतलं अंडं त्याला भरवतायत. मांजर चांगलं गुटगुटीत झालं होतं. भाऊजींचा सदरा मात्र खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. रोज बघणाऱ्या आम्हा बायांना ते दिसलं नव्हतं.

"हे काय चाललंय, भाऊजी?"

त्यांनी आधी मांजराला हाकललं, जसा काही दोष त्याचाच. मग म्हणाले, "तिला सांगू नका. पाठ फिरवली की कण्हते ती. कुणाची मदत घ्यायची नाही, हा तिचा हट्ट. मग म्हटलं, मीच जरा कमी होतो."

"जरा? आरशात बघितलंत का स्वतःला? मरायचंय का?"

"मला वाटायचं, तिच्या साक्षीला तेवढाच हातभार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि रडूही आलं, कशाला लपवू. सांगू नका म्हणे! संध्याकाळी ताईच्या पायातल्या चपला निघायच्या आत मी सगळं सांगून टाकलं.

ताई पलंगावर बसली. भाऊजींचं मनगट तिनं हातात घेतलं, सोडलं, परत घेतलं. "म्हणजे मी आजवर देवाचं नाव घेऊन उपाशी माणूस उचलत होते?" एवढंच बोलली. मग ताटली पुढं घेतली. "तोंड उघडा."

"उद्या तुला झेपणार नाही गं."

"नाही झेपणार. उघडा तोंड."

पुढं काही दिवस आम्ही दोघींनी मिळून त्यांना उचललं. खिडकी बंद, ताटली साफ होईपर्यंत कुणीतरी समोर. गालांवर थोडं मांस आलं. मग एका रविवारी, कुणी नाव पुकारलेलं नसताना, ताई उपासनेत उभी राहिली. खजिनदारानं रुमाल काढून ठेवला.

"माझा नवरा जड झालाय," ती म्हणाली. "प्रभूची स्तुती असो. देवानं मला बळ दिलं, ते खरंच आहे, पण मी एकटीनं यांना उचलण्यापुरतं नाही दिलं. बाकीचं तुमच्याकडे दिलेलं असणार. उद्या सकाळपासून रोज दोघंजण हवेत, मी कामाला निघायच्या आधी."

आणि खाली बसली.

काय सांगू, आमेन म्हणायला कुणी तयार नाही! जो म्हणेल त्याला जिना चढावा लागणार, हे सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं. एरवी छप्पर उडवणारी माणसं बुटांकडे बघत बसली. शेवटी पाळकसाहेबांचा नाइलाज झाला. त्यांचा धंदाच तो. "आमेन," ते बारीक आवाजात म्हणाले आणि खजिनदाराकडे असं काही बघितलं, की त्यालाही म्हणावं लागलं.

सकाळी दोघं आले. एक गुडघे धरून, एक जिन्याचा कठडा धरून. ताईनं काखेत हात कसा घालायचा ते दाखवलं आणि बाजूला उभी राहिली. भाऊजींना खुर्चीत ठेवेपर्यंत दोघांचे चेहरे लालबुंद.

"बरेच जड आहात हो तुम्ही!" खजिनदार धापा टाकत म्हणाला.

भाऊजींनी ताईकडे बघितलं. "अजून नाश्ता व्हायचाय," ते म्हणाले.