पेटी आधी की गळा?

बाबांचा डावा हात आजारपणात लुळा पडला आणि त्यांची पेटी बंद झाली. उजवा हात ठणठणीत, बोटं सुरांवर पळायला तयार. पण भाता ओढणार कोण? मी म्हटलं, मी ओढते. त्यावर बाबा भडकले. "दुसऱ्याच्या हातानं भाता अन् माह्या हातानं सूर? हे नाई जमत मले." गुरुवारच्या भजनाला जाणंच त्यांनी सोडलं. घरात बसून नुसता टीव्ही बघत. बाबा मला तसे बघवत नव्हते.

मी बालाघाटला घरी बसून प्रोग्रामिंगची कामं करते. हट्ट बाबांकडूनच आलेला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. त्याला पियानोसारखा पट्ट्यांचा कीबोर्ड जोडला, बाबांच्याच पेटीचे सूर एकेक करून टिपले आणि पट्टी दाबली की तो सूर वाजेल असा प्रोग्राम लिहिला. भात्याची गरजच नाही.

आता आवाज बाहेर काढायचा कोणत्या वाटेनं, हे ठरवायचं होतं. लिनक्सवर या बाबतीत पर्यायांना तोटा नाही. पल्सऑडिओची वाट सोपी: सगळ्या प्रोग्रामांचे आवाज ती गोळा करते आणि एकत्र बाहेर सोडते. भजनी मंडळाचे तबलजी मुलाकडे वारासिवनीला राहायला गेल्यापासून तबलाही याच लॅपटॉपवरच्या एका प्रोग्राममधून वाजायचा. म्हटलं, पेटी आणि तबला दोन्ही होतील. घरी बाबांनी संथपणे वाजवून पाहिलं.

"काळी चार उतरली आहे तुह्या मशीनची."

"बाबा, ती तुमच्या पेटीतूनच घेतली आहे."

"मंग राहू दे."

गुरुवारी आम्ही लॅपटॉप घेऊन मंडळात गेलो. आमच्याकडे पेटीवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवतो आणि मंडळाचे मुख्य गाणारे काका पेटीचा आधार लागला की पुढचा शब्द उचलतात. वर्षानुवर्षं हे असंच. त्या सोप्या वाटेनं सूर किंचित उशिरा यायचा. घरी एकट्यानं वाजवताना तो उशीर कळला नव्हता. इथं काका पेटीसाठी थांबले, पेटी काकांसाठी थांबली. दोघंही सज्जन, पुढे जायला कोणीच तयार नाही! तबला आपला एकटाच पुढे निघून गेला. शेवटी काकाच हसले, "भाऊ, आपण वारासिवनीले निघालो होतो, अन् स्टेशनातच बसून राह्यलो."

सगळे खो खो हसले, मीही हसले. बाबा मात्र हसले नाहीत. "मी दाबतो तवा हे बोलत नाही. याले का झोपेतून उठवा लागते?" आणि ऑटोत बसल्यावर हळूच म्हणाले, "आता मले नको नेत जाऊ."

दुसऱ्या दिवसापासून मी हात धुऊन मागे लागले. उशीर कमी करू गेले तर सूर फाटायला लागले. जॅक नावाची दुसरी, चपळ वाट घेतली तर तिची भाषा तबल्याच्या प्रोग्रामला येईना. दोन्ही कामं करणारी नवी सोय आता आली आहे, पण माझ्या लॅपटॉपनं तिच्यापुढे नन्नाचा पाढा लावला. उरली अल्साची थेट वाट: मधे कोणी नाही, प्रोग्रामनं सरळ साउंड कार्डाशीच बोलायचं. बोट टेकलं की सूर हजर. पण या वाटेनं गेलं की कार्ड एकट्या पेटीच्या ताब्यात, तबला मुका.

मी बाबांना विचारलं, वेळेवरची पेटी हवी की तबला?

ते उत्तर देण्याआधीच आतून आई म्हणाली, "तबल्याचं काय घेऊन बसली? खंजिरी आहे ना घरात. मी वाजवतो."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "ठेका सोडशीन तू."

"सोडला तं सोडला. चला तं खरं!"

पुढच्या गुरुवारी काकांनी पहिला शब्द उचलला आणि पेटी तिथंच होती, त्यांच्या गळ्याला लागून. काकांनी एकदा चमकून बाबांकडे पाहिलं आणि आवाज मोकळा सोडला. आईनं दोनदा ठेका सोडला, बाबांनी तिला बोटांनीच सांभाळून घेतलं. बाबांच्या कपाळावर घाम, पण नजर काकांच्या तोंडावरून हलेना. मला इतका आनंद झाला की टाळ्या वाजवायचंही भान राहिलं नाही.

भजन संपल्यावर मी वायरी गुंडाळत होते. बाबा शेजारी उभे राहून बघत होते.

"पुढच्या गुरुवारी जरा लवकर निघू," ते म्हणाले. "तुले हे लावायले मस्त टाइम लागते, माणसं खोळंबतेत."

मी "हौ बाबा" म्हटलं आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.