स्टिअरिंगवरचं कुंकू

जोगेश्वरीला आमच्या अंगणात सासऱ्यांचा ट्रक अडला होता. दुरुस्तीसाठी स्टिअरिंगचं चाक दांड्यावरून काढायचं होतं, ते निघेना, आणि दुरुस्तीशिवाय आरेच्या गोठ्यांतल्या म्हशींचं गवत पोचणार नव्हतं. "शेजारणीची दृष्ट लागली," असं मी, नवी सून, अख्ख्या आळीला ठणकावून सांगत होते.

वाटेने जाणारा एक ड्रायव्हर थांबला. जीभ दातांत धरून त्याने खिळ्याने नटाभोवती खरवडलं. बोट लाल झालं. तो हळूच म्हणाला, "वहिनी, रोज पूजा तुम्हीच करता ना? कुंकवाचं पाणी मुरून गंजलंय."

सासूबाई खोकल्या. मी दाराआड पळाले.

"रॉकेल आहे?" त्याने विचारलं. कुंपणावरून बाटली दिली ती शेजारणीनेच! चाक सुटलं. जाताना तो म्हणाला, "बॉनेटवर लावलेलं कुंकूही देवाला पोचतं, वहिनी."

पोचत असेल. रिकामी बाटली शेजारी पोचवायला मात्र सासूबाईंनी मलाच पाठवलं.