साचा तोंडात असताना

ज्या ओठांनी तीस वर्षं दत्ताचं नाव घेतलं, त्यांतल्याच एका ओठाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, तेव्हा मी देवाशी बोलणंच बंद केलं. डोंबिवलीच्या घरी दिवा लावत होते, पण हात जोडले की मनात एकच प्रश्न यायचा, इथेच का?

ठाण्याच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, ओठ कापायची गरज नाही. माझ्या तोंडाच्या मापाचा साचा करतील, त्यात बारीक नळ्या असतील आणि त्यांतून किरणं नेमकी जखमेला मिळतील. दिवसातून दोनदा, पाच दिवस. ऐकायला सोपं होतं. पण माप घेण्यासाठी तो गार, ओला लगदा तोंडात भरला आणि मला उमासे आले. तिसऱ्या खेपेला कसंबसं माप मिळालं. त्या दिवसापासून डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: साचा तोंडात, किरणांच्या खोलीचं जाड दार बंद, आत मी एकटी. गुदमरले तर हाकही मारता येणार नाही.

पहिल्यांदा किरणं घ्यायला मला मंगळवारी जायचं होतं. मशीनचं वेळापत्रक बदललं म्हणून सोमवारीच बोलावलं. नाव पुकारलं आणि मी पिशवी उचलली. सोबत आलेल्या सुनेला म्हटलं, "मला नाही जमायचं गं. घरी चल." ती समजावत राहिली, पण मी जिन्याकडे निघाले.

बाकाच्या टोकाला एक म्हातारी बसली होती, शीळफाट्याजवळच्या गावची. नाकावर पट्टी. तिने माझा हात धरला. "कुठं चालली बाय? माज्या नाकालाबी साचा केलाय. आज शेवटचा दिस व्हता."

"आत देवाचं नावही घेता येणार नाही हो," मी म्हणाले. महिनाभर त्याच्याशी अबोला धरलेल्या माझ्या तोंडून हे कसं निघालं, कोण जाणे.

"तू नको घेव," ती म्हणाली. "त्याला तुजं नाव ठावं हाय ना? तो घेल. जा, मी बसते हितंच."

तिचं काम झालं होतं. मुलगा खाली रिक्षा घेऊन थांबला होता. तरी ती उठली नाही.

मी आत गेले. साचा बसवला, दार लागलं. लाळ घशाशी साचली. जीभ हलेना. नाव घ्यायची धडपड मी सोडून दिली आणि नाकाने नुसता श्वास घेत राहिले. भीती कणभरही कमी झाली नाही, पण तिच्याशी मी एकटी झुंजतेय असं मात्र वाटेना.

बाहेर आले तेव्हा ती बसलेलीच होती. माझ्याकडे बघून मान हलवली आणि जिना उतरून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही. मंगळवारी आले असते, तर ती भेटलीच नसती.

ओठ बरा झालाय. तपासणीची तारीख जवळ आली की आजही भीती वाटते. पूर्वी वाटायचं, मन निर्भय झाल्याशिवाय शरण जाता येत नाही. आता मी घाबरलेली असते तशीच त्याच्यापुढे जाऊन बसते. तो मला तशीही बसू देतो.