गुन्हा कबूल आहे, मॅडम

आरोपीला पिंजऱ्यात उभं केलं. पिंजरा म्हणजे वर्गातली दोन बाकं, आडवी लावलेली. न्यायाधीश झालेल्या मुलीनं तोंड उघडायच्या आतच आरोपी म्हणाला, "गुन्हा कबूल आहे, मॅडम."

मी म्हटलं, थांब रे बाबा, अजून कोणी तुला काही विचारलंय का?

मी शहाद्याला वकिली करते. विधी सेवा समितीच्या यादीवर आहे, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याची केस मी चालवते आणि फी सरकार देतं. त्याच कामात अधूनमधून शाळांत जाऊन कोर्ट कसं चालतं तेही शिकवावं लागतं. ही आश्रमशाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. तालुक्याचं कोर्ट, जिल्ह्याचं कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशी शिडी मी दरवेळी फळ्यावर काढते आणि पोरं दरवेळी जांभया देतात. म्हणून यंदा खोटं कोर्ट भरवलं. गोष्ट मीच लिहिली होती. वसतिगृहात सरांचा मोबाईल हरवतो, आळ एका मुलावर येतो, शेवटी मोबाईल सरांच्याच गादीखाली निघतो. आरोपी निर्दोष. हे सगळं मी त्यांना आधी वाचून दाखवलं होतं.

आपण परत घेऊ, मी म्हटलं. परत घेतलं. परत "कबूल." न्यायाधीश होती रमिला, नववीतली, चुणचुणीत. माझा काळा कोट तिला गुडघ्यापर्यंत येत होता. तिनंही वेळ घालवला नाही. "दंड भर आणि जा," म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी तापले. तापायला मला फार लागत नाही, हे माझ्या घरचे सांगतील. आरोपीला विचारलं, मोबाईल तू चोरलास का? नाही म्हणाला. मग कबूल कशाला करतोस? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू या बाईंना कोर्टातलं काहीच कळत नाही.

"लवकर सुटतो ना," तो म्हणाला.

मी वर्गाकडे वळले. म्हटलं, तुम्ही चोरी केलेली नाही, तरी कोर्टात कबूल कोण कोण करेल? हात वर करा. मला वाटलं, दोन-चार टवाळ हात वर होतील. सगळा वर्ग हात वर करून बसला, मुली, मुलगे, सगळे. मी वर्गशिक्षकांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते.

रमिलानं मला समजावलं. हो, तिनं मला. नाही म्हटलं की तारीख पडते. तारखेला गेलं की पुढची तारीख पडते. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक येतो, ऊसतोडीला गुजरातेत न्यायला. ट्रक तारखेसाठी थांबत नाही. कबूल केलं की दंड, आणि त्याच दिवशी केस मिटली. हे सगळं तिनं बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मग सहज पुढे म्हणाली, "माझ्या दादाची पण मंगळवारी तारीख आहे. तो पण कबूल करणार आहे."

"चोरी केली होती त्यानं?"

"नाही ना. त्यानं फक्त लिफ्ट घेतली होती."

झालं होतं ते असं. तिचा भाऊ सुनील खालच्या गावातून केळीचं काम आटपून परत येत होता. ओळखीच्या पोरांची पिकअप दिसली, मागे चढला. पुढे पोलिसांनी गाडी अडवली, तर ताडपत्रीखाली कोणाच्या तरी विहिरीवरची मोटर. सगळ्यांना धरलं. सुनीलला जामीन मिळाला आणि आता केस उभी राहत होती.

मी विचारलं, सुनील करतो काय? रमिलाचा चेहरा फुलला. दादा बारावी पास आहे, रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळतो, वनरक्षकाच्या भरतीचा फॉर्म भरलाय.

चोरीचा गुन्हा कबूल म्हणजे शिक्षा झाली. मग दंडावर सुटो नाहीतर कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवो, शिक्षा ती शिक्षा. सरकारी नोकरीआधी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते, आणि तिथे ती वर येणार. हे मी रमिलाला सांगितलं. तिला पटेना. "पण दंड भरला की केस मिटते ना, मॅडम?" असं तिनं मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना ती अंगातला कोट काढत होती.

मंगळवारी मी कोर्ट सुरू व्हायच्या आधीच पोचले. माझा कारकून म्हणाला, "मॅडम, तो पोऱ्या येल शे, पन घाईमा शे. ट्रक बाहेर उभी शे." पोऱ्या व्हरांड्यात होता, सोबत आई आणि वडील. कपड्यांची बोचकी, भांडी, सगळं बांधून आणलेलं. ऊसतोडीत दोघांच्या जोडीला कोयता म्हणतात. वडिलांची कंबर गेलेली, त्यामुळे सुनील आणि आई मिळून एक कोयता. सुनील अडकला तर आईलाही काम नाही.

मी रमिलाला सांगितलं तेच त्यालाही सांगितलं. आज कबूल म्हणालास तर वनरक्षक विसर. त्यानं आईला पावरीत, त्यांच्या घरच्या बोलीत, सांगितलं. आई थोडंच बोलली. मी विचारलं, काय म्हणते? म्हणाला, नोकरी लागेल तेव्हा लागेल, ट्रक आज आहे असं म्हणते.

तेव्हा मी सांगितलं की ट्रकही चुकणार नाही आणि नोकरीही जाणार नाही. गुन्हा नाकबूल कर. मी अर्ज देते की हा मजुरीला बाहेर जातो, याच्या वतीनं वकील हजर राहील. प्रत्येक तारखेला आरोपीनं यायलाच पाहिजे असं नसतं. न्यायाधीश साहेबांनी मान्य केलं तर बोलावतील तेव्हाच यायचं. मी हे वकीलपत्रावर त्याची सही घेत घेत, भराभर बोलून गेले. आम्हा वकिलांना हा अर्ज म्हणजे रोजचा चहा.

पुकारा झाला. साहेबांनी आरोप वाचून दाखवला, समजला का विचारलं, मग विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

बाहेरून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. सुनीलनं माझ्याकडे पाहिलं नाही, मागे आईकडे पाहिलं. इतकी वर्षं कोर्टात उभी आहे, पण एका शब्दाची अशी वाट कधी पाहिली नव्हती.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी अर्ज वाचला. बोलावल्यावर यायचं, पत्ता बदलला तर कळवायचं, एवढ्या अटी घातल्या आणि मंजूर केला. सुनील तिथेच उभा. जा म्हटलं तरी हलेना. शेवटी पट्टेवाल्यानं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. पुढचं आताच सांगून टाकते. केस चालली, त्याच्याविरुद्ध पुरावा निघाला नाही, तो निर्दोष सुटला. भरतीत पहिल्या खेपेला धावण्यात थोडक्यात हुकला. अजून पळतो.

पण त्या दिवशी मला खरा हादरा बसला तो ट्रकपाशी. मायलेक वर चढले. बोचकी वर दिली. वडील खालीच उभे होते. व्हरांड्यात ते एक अक्षर बोलले नव्हते, मला वाटलं होतं त्यांना मराठी येत नसेल. ते माझ्याजवळ आले.

त्यांच्यावरही एक केस झाली होती, सुनील लहान असताना. जंगलातलं लाकूड तोडल्याची. तोडलं होतं दुसऱ्यानं. ट्रक सुटत होता, म्हणून त्यांनी कबूल केलं आणि दंड भरला. पुढे आश्रमशाळेत कामाठीची, म्हणजे वरकामाच्या मदतनिसाची, जागा निघाली, यांचं नाव लागलं, आणि मग कटलं. का कटलं ते कोणी सांगितलं नाही. वशिला नव्हता म्हणून कटलं, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. मी सुनीलला पडताळणीचं सांगत होते, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं.

"तो अर्ज," ते म्हणाले, "हाई तवय बी व्हतं का, मॅडम?"

खोटं सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. हो म्हटलं, तेव्हाही होतं.

त्यांनी मान हलवली आणि वर चढण्यासाठी हात पुढे केला. सुनीलनं त्यांना वर ओढून घेतलं.

शाळांत मी अजून जाते. आता पहिला तास त्या एका अर्जाचा असतो. सुप्रीम कोर्ट शेवटी, वेळ उरला तर.