शीर्षकाचा रिकामा रकाना

मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. हातात सुटा भाग आला की आधी मापांचा तक्ता बघायचा, मग भाग. ही सवय मी आमच्या फोटोग्राफी मंडळातही नेली, हा माझा पहिला गुन्हा.

आम्ही कारखान्यांत काम करणारे दहा-बारा जण रविवारी सकाळी कासारवाडीत एका मित्राच्या क्लासच्या खोलीत जमतो, पडद्यावर एकमेकांचे फोटो लावतो आणि चिरफाड करतो. नियमावली माझीच. प्रत्येक फोटोला शीर्षक हवंच, ते फोटोशी जुळलंच पाहिजे, आणि चर्चा संपेपर्यंत फोटो काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. शेवटी शेरा: ओके, रीवर्क किंवा रिजेक्ट.

मंडळाच्या प्रदर्शनाच्या निवडीला आमच्यातल्या एका लातूरकडच्या फिटरचा फोटो आला. घराच्या गॅलरीच्या कठड्यावर सेफ्टी शूज, मागे सकाळचं ऊन. खाली शीर्षक, ‘थकवा’.

“थकवा कुठाय राव? शूज तर चकाचक आहेत!”

“मालक दमला असेल, शूज नाही,” दुसऱ्यानं टोला हाणला. हशा.

मी तर सुटलोच. चिखल नाही, घामाचा डाग नाही, नाड्यासुद्धा कोऱ्या. शीर्षक एक सांगतं, फोटो भलतंच. रिजेक्ट! फिटर मान खाली घालून नियम पाळत बसला होता.

नंतर चहाच्या टपरीवर तो हळूच म्हणाला, “भाऊ, मी फोटोला नावच दिलं नव्हतं. तुमीच दिलं की.”

खरंच होतं. यादी करताना त्याचा रकाना रिकामा दिसला, मला रिकामा रकाना बघवत नाही, म्हणून शूज बघून मीच ‘थकवा’ टाइप केलं होतं. आणि साफ विसरलो होतो.

“मग बोलला का नाहीत?”

“नियम होता ना. आता पोरीला काय सांगू? तिला म्हणून बसलोय, तुझे शूज प्रदर्शनात लागणार.”

“तिचे?”

“तिचेच की. कंपनीत लागली. पहिल्या शिफ्टच्या सकाळी काढलाय फोटो.”

रोज मिलिमीटरचा फरक पकडणारे आम्ही. त्या शूजचं लहान माप एकालाही दिसलं नव्हतं, कारण आम्ही सगळे थकवा शोधत होतो.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर कबुली दिली आणि तोच फोटो शीर्षकाशिवाय लावला. मागून आवाज आला, “अरे, हे शूज लेडीजचे आहेत का?” फोटो प्रदर्शनात गेला. खालची पट्टी मी कोरी ठेवली. हात शिवशिवत होते, पण ठेवली.

मुलगी सेकंड शिफ्टला जाताजाता तेच शूज घालून बघायला आली. आता त्यांवर ग्रीसचे डाग होते.

“काका, ‘थकवा’ कुणी लिहिलं होतं?”

मी हात वर केला.

“आता लिहा की,” ती म्हणाली, “महिना झालाय मला.”